दीर्घ क्रूझमध्ये किनाऱ्यावरच्या सहली कशा निवडाव्यात

महिना-दीड महिन्याच्या क्रूझचे आरक्षण पक्के झाले की थोड्याच दिवसांत जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर सहलींची यादी दिसू लागते. पंचवीस-तीस बंदरे आणि प्रत्येक बंदरावर दहा-पंधरा सहली असा हिशेब केला तर ही यादी तीनशेच्या घरात जाते, आणि बहुतेक प्रवासी ती पहिल्या बंदरापासून ओळीने वाचायला घेतात. गडबड तिथेच होते. पहिल्या पाच-सहा बंदरांसाठी उत्साहाच्या भरात दिवसभराच्या सहली घेतल्या जातात आणि प्रवास निम्म्यावर येईपर्यंत पैसेही आटतात आणि पायही. माझा सल्ला असा की सहलींची यादी सर्वांत शेवटी उघडावी. आधी बंदरे समजून घ्यावीत. कुठे जहाजाची सहल घ्यायची, कुठे आपले आपण फिरायचे आणि कुठे नुसते धक्क्याजवळ पाय मोकळे करायचे, हे ठरवताना स्थळाच्या कीर्तीपेक्षा बंदराचा भूगोल आणि घड्याळ यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

पहिले काम: बंदरांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये सर्व बंदरे क्रमाने लिहून घ्यावीत. प्रत्येकापुढे तारीख, वार, जहाज येण्याची आणि सुटण्याची वेळ, जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून टेंडर बोटीने प्रवाशांना किनाऱ्यावर नेणार ही नोंद, आणि जे पाहण्याची इच्छा आहे त्याचे धक्क्यापासूनचे अंतर, एवढे रकाने पुरतात. तक्ता भरायला एक संध्याकाळ जाते, पण निम्मे निर्णय तो भरतानाच होऊन जातात.

वाराचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. प्रत्यक्षात व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असतात, फ्लॉरेन्सचे उफिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद असते आणि इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी. जहाज नेमके त्याच वारी लागणार असेल, तर त्या शहरात काय पाहायचे याचा विचार मुळापासून करावा लागतो. प्रवेशावरील मर्यादांचेही तसेच आहे. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर २०२३ पासून दिवसाला २०,००० प्रवाशांची मर्यादा आणि ठरावीक वेळेचे तिकीट आहे. इटलीतील पाँपेई या प्राचीन शहराच्या अवशेषांवरही २०२४ च्या नोव्हेंबरपासून तेवढीच मर्यादा आहे. अशा ठिकाणी स्वतः जायचे असेल तर तिकिटाची वेळ जहाज लागण्याच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागते, आणि जहाजाला तासभर उशीर झाला तर ती वेळ हुकते.

अंतराच्या रकान्याबाबत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. वेळापत्रकात 'रोम' असे छापलेले असते, पण जहाज लागते ते सुमारे ८० किलोमीटर दूर असलेल्या चिविताव्हेक्याला. 'पॅरिस' म्हणजे ला हाव्र, तिथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, आणि ते अंतर त्याहूनही अधिक. 'बँकॉक' बहुधा लाएम चाबांग असते, इजिप्तमधील 'लक्सर' असते तांबड्या समुद्रावरचे सफागा. याउलट अथेन्सचे पिरियस मेट्रोने जोडलेले आहे, मॉन्टेनेग्रोतील कोटोरमध्ये जहाजातून उतरल्यावर काही मिनिटांत जुन्या शहराचा दरवाजा येतो, आणि माल्टातील व्हॅलेटामध्ये धक्क्याजवळून थेट वरच्या बागेत नेणारी लिफ्ट आहे. एकाच शहरातही धक्के वेगळे असू शकतात: सिडनीत सर्क्युलर की येथे जहाज लागले तर समोर ऑपेरा हाउस दिसते, पण व्हाइट बेला लागले तर शहरात येण्यासाठी वाहन शोधावे लागते. म्हणून तक्त्यात शहराचे नाव लिहून थांबू नये, धक्क्याचे नावही लिहावे.

टेंडरचा रकाना सर्वांत मोलाचा. टेंडर बोटीतून किनाऱ्यावर जायला रांग लागते, आणि बहुतेक जहाजांवर कंपनीच्या सहली घेतलेल्या प्रवाशांना आधी सोडतात. बाकीच्यांना क्रमांक घेऊन थांबावे लागते. त्याहून मोठा मुद्दा हा की वारा किंवा लाटा वाढल्या की टेंडर बंद होतात आणि बंदर रद्द होते. ईस्टर बेट किंवा फॉकलंडमधील स्टॅन्ली अशा ठिकाणी हे वरचेवर घडते. ज्या बंदरापुढे 'टेंडर' लिहिले असेल तिथे परत न मिळणारे पैसे आगाऊ भरू नयेत, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

हातात येणारा खरा वेळ

सकाळी सात ते संध्याकाळी सात असे छापलेले असले की माणूस बारा तास धरून चालतो. चिविताव्हेक्याचेच उदाहरण घेऊन हिशेब मांडू. सातला जहाज लागते, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून गँगवे, म्हणजे जहाजातून उतरण्याचा जिना, उघडेपर्यंत साडेसात होतात. बंदराच्या आवारात चालत फिरू देत नाहीत, म्हणून शटल बसने फाटकाशी जायचे, तिथून पंधरा-वीस मिनिटे चालत रेल्वे स्थानक, तिकीट, फलाट. सव्वाआठची गाडी मिळाली तर नशीब. तासाभराच्या प्रवासानंतर साडेनऊला आपण रोममध्ये असतो. आता उलट बाजूने मोजू. जहाज सातला सुटत असले तरी सर्वांनी वर येण्याची वेळ सहसा अर्धा तास आधीची, म्हणजे साडेसहाची असते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरताना दीड तास हात राखून ठेवला पाहिजे, म्हणजे पाचला धक्क्यावर असायला हवे, आणि त्यासाठी तीनच्या सुमारास रोममधील स्थानकाची वाट धरायला हवी. बारा तासांतले साडेपाच तास उरले. त्यात जेवण धरा. कलोसियम नीट पाहून होईल किंवा व्हॅटिकन. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही ठिकाणच्या रांगाच तेवढ्या लक्षात राहतील.

हाच हिशेब ला हाव्रला केला की पॅरिसच्या दिवसभराच्या सहलीत जवळपास सहा तास बसमध्ये जातात हे कळते. ज्यांनी पॅरिस कधीच पाहिलेले नाही आणि पुन्हा येण्याची शक्यता नाही, त्यांनी ते सहा तास खुशाल द्यावेत, त्यात काही गैर नाही. इतरांसाठी ऑन्फ्लरचे जुने बंदर किंवा एत्रताचे पांढरे कडे कितीतरी जवळ आहेत आणि दिवस आटोपशीर ठेवतात. वार्नेम्युंडेलाही तसेच: बर्लिनचा हट्ट सोडला तर लोकल गाडीने रोस्टॉक वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. प्रवासाचा वेळ एकूण वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल तर ती सहल मी सहसा खोडतो. सफागा ते लक्सर हा माझ्यापुरता अपवाद, कारण एका बाजूचे तीन-चार तास बसून काढल्यावर समोर कर्नाकच्या प्राचीन मंदिराचे खांब उभे राहतात.

वेळेबाबत आणखी एक सापळा आहे. जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ एकच असेल असे नाही. मेक्सिकोतील कोझुमेल ज्या राज्यात आहे तिथे २०१५ पासून वर्षभर एकच प्रमाणवेळ असते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात फ्लॉरिडाहून निघालेल्या जहाजाने आपली वेळ बदलली नाही, तर मोबाइल आपोआप स्थानिक वेळ पकडून एक तास मागे जातो आणि प्रवासी निवांतपणे कॉफी पीत बसतो. मोबाइलवर विसंबू नये. साधे हातघड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावे आणि दिवसभर तेच पाहावे.

जहाजाची सहल, खासगी सहल की आपली आपण

जहाज कंपनीची सहल बहुधा महाग असते, बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे असतात आणि सकाळी जहाजाच्या थिएटरमध्ये जमून छातीवर क्रमांकाचा स्टिकर लावून घ्यावा लागतो. हे सगळे खरे आहे. जादा पैशांच्या बदल्यात मिळते ती हमी: सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज थांबते, आणि थांबणे शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. तेव्हा प्रश्न असा विचारावा की या बंदरावर मला या हमीची गरज आहे का?

ही गरज किती खरी असू शकते याचे उदाहरण २०२४ च्या मार्चमध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील साओ टोमे बेटावर दिसले. खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज अजून नांगर टाकून समोर उभे होते, तरी त्यांना वर घेतले गेले नाही. अनेक देश ओलांडत ते गांबियाला पोहोचले, तर भरती-ओहोटीमुळे जहाज तिथे लागू शकले नाही. अखेर सेनेगलमधील डकारपर्यंत त्यांना जावे लागले. ज्या बंदरातून रोज एखादे-दुसरेच विमान सुटते आणि ज्याच्या पुढचे बंदर दुसऱ्या देशात आहे, तिथे स्वस्तातली सहल किती महाग पडू शकते हे यावरून कळावे.

मी वापरतो तो ढोबळ नियम असा. स्थळ दीड तासापेक्षा दूर असेल, वाटेत सीमा ओलांडायची असेल, बंदर टेंडरचे असेल किंवा रस्ते एकपदरी आणि अपघाताने तुंबणारे असतील, तर जहाजाची सहल घ्यावी. स्थळ चालत किंवा मेट्रोने अर्ध्या तासात गाठता येत असेल तर सहल घेणे म्हणजे पदरमोड करून रांगेत उभे राहणे. यांच्या मधल्या बंदरांवर, म्हणजे पंधरा ते पन्नास किलोमीटरच्या टप्प्यात, खासगी गाडी किंवा आठ-दहा जणांची छोटी सहल सर्वांत सुखाची. दीर्घ क्रूझमध्ये याला एक सोय जोडून येते: पहिल्या आठवड्यातच ओळखी होतात आणि गाडीचा खर्च वाटून घेता येतो. मात्र चालणारे आणि रेंगाळणारे एका गाडीत घालू नयेत. मैत्री टिकवायची असेल तर हे आधीच बोलून घ्यावे.

खासगी चालकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: जहाज लागलेच नाही तर पैसे परत मिळतील का, धक्क्याच्या फाटकाबाहेर नेमके कुठे भेटणार, आणि परतीची वेळ कोणती. क्रूझच्या प्रवाशांवरच ज्यांचा धंदा चालतो ते चालक जहाज न लागल्यास बहुधा पैसे घेत नाहीत. प्रवास विम्यात जहाज चुकल्याचा खर्च धरलेला आहे का, हेही एकदा वाचून ठेवावे.

काही ठिकाणी जहाज कंपनी विकते तीच गोष्ट थेटही मिळते. अलास्कातील स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे किंवा नॉर्वेतील फ्लॉमची रेल्वे यांची तिकिटे स्वतः काढता येतात. फ्लॉमची गाडी २० किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीवरून ८६६ मीटरवर चढते आणि एकाच दिवशी दोन-तीन जहाजे लागली की तिच्या जागा लवकर संपतात. म्हणून त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजे येणार आहेत हे बंदराच्या वेळापत्रकात आधीच पाहावे. चार जहाजांच्या दिवशी गर्दीच्या स्थळाकडे पाठ फिरवणे हाही शहाणपणाचा पर्याय आहे.

सहलीचे वर्णन कसे वाचावे

सहलीच्या वर्णनात क्रियापदे पाहावीत, विशेषणे सोडून द्यावीत. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटे बाहेरून पाहणे. 'ड्राइव्ह पास्ट' म्हणजे बस थांबणारसुद्धा नाही. 'पॅनोरामिक टूर' म्हणजे बहुतांश वेळ खिडकीतून दर्शन. गुडघे दुखणाऱ्यांना ती सोयीची, इतरांना कंटाळवाणी. 'फ्री टाइम' बाजाराच्या शेजारी दिलेला असेल तर तो खरेदीसाठी आहे असे समजावे. 'अ‍ॅडमिशन इन्क्लुडेड' असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर प्रवेश धरलेला नाही असे मानून चालावे. एकूण कालावधी धक्का ते धक्का मोजलेला असतो, हे तर कधीच विसरू नये.

तुर्कस्तानातील कुशादासी बंदरावरची एफेसस या प्राचीन शहराची सहल हा या वाचनाचा उत्तम धडा आहे. अवशेष बंदरापासून वीस किलोमीटरवर आहेत, बस वरच्या दरवाज्याशी सोडते आणि उतारावरून चालत आपण खालच्या दरवाज्याने बाहेर पडतो. संगमरवरी रस्ता शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, सावली जवळजवळ नाही, आणि सेल्ससच्या ग्रंथालयासमोर पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येते. श्रीमंतांच्या घरांतली भित्तिचित्रे जिथे आहेत तो टेरेस हाउसेसचा भाग वर्णनात नावानिशी लिहिलेला असेल तरच दाखवतात. मी घेतलेल्या सहलीच्या वर्णनात शेवटची ओळ होती, 'पारंपरिक गालिचा विणकामाचे प्रात्यक्षिक'. प्रत्यक्षात एक मुलगी पाच मिनिटे मागावर बसली आणि उरलेली पन्नास मिनिटे दोन माणसे एकामागून एक गालिचे आमच्या पायांपुढे उलगडत राहिली, चहा येत राहिला, आणि दार कुठल्या बाजूला आहे हे कोणालाच सांगता येईना. टेरेस हाउसेस मात्र वेळेअभावी राहिली. त्यानंतर मी 'प्रात्यक्षिक' हा शब्द दिसला की तेवढी मिनिटे वजा करून उरलेल्या सहलीची किंमत ठरवतो.

ग्रीसमधील सांतोरिनी बेटावरच्या सहलीचा शेवटही असाच बारकाईने वाचावा. सहलीतील प्रवाशांना सकाळी सहसा बस उभ्या असतात त्या धक्क्यावर उतरवतात, पण दिवसाच्या अखेरीस कड्यावरच्या फिरा गावात सोडून देतात. तिथून खाली जुन्या बंदरावर यायला केबल कार किंवा जवळपास ६०० पायऱ्या, आणि दुपारनंतर केबल कारची रांग लांबच लांब असते. सहल जहाजाची असली तरी तिथून पुढची रांग आपली असते, म्हणून केबल कारचे तिकीट आणि परतीची व्यवस्था वर्णनात कशी लिहिली आहे ते पाहून ठेवावे.

शरीराचा हिशेब

आठवड्याच्या क्रूझमध्ये रोज दिवसभर फिरणे निभावते. चाळीस दिवसांच्या प्रवासात निभावत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक वेगळाच थकवा येतो, सगळे किल्ले एकसारखे दिसू लागतात आणि मार्गदर्शक सांगत असलेले शतक कानावरून जाते. तक्त्यात बंदरांना तीन रंग द्यावेत: पूर्ण दिवस द्यायचा तो एक, अर्धा दिवस तो दुसरा, आणि सकाळी निवांत उतरून दोन तासांत परतायचे तो तिसरा. सलग तीन दिवस पहिला रंग दिसला की मधला बदलावा. त्यामागोमाग समुद्रावरचे दिवस येत असतील तर थोडी सूट घेता येते. शिवाय एकाच जातीच्या गोष्टी लागोपाठ ठेवू नयेत. काल चर्च पाहिले असेल तर आज डोंगर, उद्या बाजार.

चढ, पायऱ्या आणि अंतर यांची पातळी दाखवणारी चिन्हे प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, म्हणून चिन्हावर न जाता पायऱ्यांची संख्या विचारावी. कोटोरच्या किल्ल्याला सुमारे १,३५० पायऱ्या आहेत. 'मध्यम श्रम' या शब्दांतून ते कळत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी टेंडरच्या बंदरांविषयी कंपनीला आधीच लेखी विचारावे, कारण लाटा असतील तर बोटीत चढू देत नाहीत.

उंचीचाही विचार करावा. स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील तेइदे पर्वतावर केबल कार ३,५५५ मीटरवर सोडते, आणि आपण सकाळी समुद्रसपाटीवर असतो. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनी सहलींचा क्रम काळजीपूर्वक लावावा: एकापेक्षा जास्त वेळा डुबी मारल्यावर विमानप्रवासाआधी किमान १८ तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि हवाईतील ४,२०७ मीटर उंचीच्या मौना केआवर जाण्याआधी तर २४ तासांचे. आज डायव्हिंग आणि उद्या सकाळी हेलिकॉप्टर किंवा पर्वतशिखर, अशी जोडी सहलींच्या यादीत कोणीही अडवत नाही. ती आपणच खोडायची असते.

आरक्षणाचा क्रम

तक्ता रंगवून झाल्यावर यादी उघडावी आणि बंदरांच्या क्रमाने न जाता दुर्मिळतेच्या क्रमाने जावे. हेलिकॉप्टर, छोटी विमाने, रेल्वे, मोजक्या माणसांच्या बोटी आणि वेळेच्या तिकिटाची स्मारके आधी घ्यावीत. साध्या शहरदर्शनाच्या बस शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळतात, बऱ्याचदा जहाजावर चढल्यानंतरही. व्हिसा आणि लसीकरण याच टप्प्यावर तपासावे: काही देशांत जहाजाच्या सहलीसोबत उतरणाऱ्यांना वेगळे नियम असतात, आणि पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरतात, म्हणून ते शेवटच्या क्षणी होत नाही.

रद्द करण्याची मुदत तक्त्यात शेवटच्या रकान्यात लिहावी. बऱ्याच कंपन्या सहलीच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत पैसे परत करतात, पण विमान, रेल्वे आणि मुक्कामाच्या सहलींची मुदत बरीच आधी संपते. दर पाच-सहा बंदरांनंतर, समुद्रावरच्या एखाद्या मोकळ्या दुपारी, उरलेला तक्ता पुन्हा काढून बसावे. घरी असताना घेतलेल्या सहलींपैकी एखाद-दुसरी तेव्हा नकोशी वाटते आणि मुदत शिल्लक असेपर्यंत ती सोडून देता येते. प्रत्येक बंदराच्या आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकावर जहाजाची वेळ, वर येण्याची वेळ आणि बंदरातील जहाजाच्या एजंटचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. त्या पानाचा फोटो न काढता ते पानच घडी करून खिशात घालावे, कारण एजंटला फोन करायची वेळ येते तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली असते आणि फोन दुसऱ्या कोणाचा तरी मागून करावा लागतो.